गिऱ्हाइकाचे हात

वाण्याच्या दुकानात पूर्वी गिऱ्हाइकाला हात हलवावा लागत नसे. यादी वाचावी, भावाबद्दल थोडी कुरकुर करावी, आणि वाणी रद्दीच्या कागदात साखरेची पुडी बांधून दोऱ्याला हिसका देई तो पाहत उभे राहावे. अमेरिकेतील रीतही फारशी निराळी नव्हती. ती मोडली टेनेसी राज्यातील मेंफिस शहरी, १९१६ च्या सप्टेंबरात. क्लॅरेन्स साँडर्स याने तेथे ‘पिगली विगली’ नावाचे दुकान थाटले. (नावाचा अर्थ विचारू नये!) फिरत्या फाटकातून आत शिरावे, आखून दिलेल्या वाटेने फडताळांपुढून जावे, हवे ते टोपलीत घ्यावे व शेवटी पैसे मोजावे. १९१७ साली त्याने या मांडणीचे पेटंटही मिळविले. नोकर थोडे, म्हणून भावही उतरले. आपण नोकराचे काम फुकट करीत आहो, हे गिऱ्हाइकाच्या ध्यानी आले की नाही, कोण जाणे.

पिशवी भरण्याचे काम मात्र अमेरिकेत दुकानातील पोऱ्याकडेच पुष्कळ काळ राहिले. जर्मनीत ते गिऱ्हाइकाचे. जिनसा मेजावरून झरझर सरकत येतात, मागे रांग ताटकळत असते. वृद्धांची त्यात फार तारांबळ उडते. तरी सवय मोठी विलक्षण. १९९७ साली तेथे गेलेल्या वॉलमार्टने पिशव्या भरून देणारी माणसे ठेविली, तेव्हा आपल्या जिनसांना परक्याचा हात लागलेला अनेक जर्मनांना रुचला नाही. २००६ साली वॉलमार्टने तो देश सोडला. अर्थात तेवढ्याच कारणाने नव्हे.