बाबासाहेबांचा विमा आणि एजंटचा परवाना : अट शिक्षणाची की ओळखीची?

पनवेल-उरण पट्ट्यातल्या जासईचं नाव घेतलं की दि. बा. पाटील आठवतात आणि जानेवारी १९८४ आठवतो. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारीला जासई-नवघर परिसरात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच आंदोलक शहीद झाले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं. या लढ्याला अभिवादन करूनच एक प्रश्न विचारायचा आहे. साडेबारा टक्क्यांचं माप सातबाऱ्यावरच्या जमिनीवरून ठरतं. ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता, त्याच्या मुलामुलींनी शेती संपलेल्या अशा गावात काय करायचं?

दुकान टाकायला भांडवल नाही, कायम नोकरी नाही. मग हमखास एक सल्ला मिळतो: विम्याची एजन्सी घे, दहावी झालीस ना, भांडवल लागत नाही. हा सल्ला किती खरा आहे, हे समजायचं तर एजंटच्या परवान्याचा इतिहास पाहावा लागेल.

१९३८ च्या विमा कायद्यातल्या कलम ४२ मध्ये एजंटच्या परवान्याची तरतूद होती. अपात्र कोण, हे त्यात सांगितलं होतं: अज्ञान, मनोविकल, अफरातफर किंवा फसवणुकीत दोषी ठरलेला. शाळेचा दाखला या कायद्याने मागितला नव्हता. म्हणजे दार सर्वांना उघडं होतं का? कागदावर होतं. पण विमा विकायला पगारदाराच्या, व्यापाऱ्याच्या, खातेदाराच्या घरी बसून त्याच्याशी पैशाचं बोलावं लागतं. अस्पृश्याला ओसरीवर कोण बसू देत होतं?

खुद्द बाबासाहेबांचं उदाहरण घ्या. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून ते १९१७ साली परतले. पुढे मुंबईत त्यांनी शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचं थांबलं आणि तो बंद पडला. ज्ञान कमी पडलं नव्हतं, जात आडवी आली होती.

याच बाबासाहेबांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन मांडलं. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी त्यात आहे. खासगी कंपनीपेक्षा राज्याची हमी माणसाला अधिक सुरक्षितता देते आणि राज्यालाही नियोजनासाठी पैसा मिळतो, हे त्यामागचं कारण. १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी अस्तित्वात आली आणि २४५ विमा संस्थांचा कारभार तिच्याकडे गेला. मागणीतला पहिला भाग असा निम्मा पुरा झाला. दुसरा, म्हणजे प्रत्येकाला विमा, राहिला. बाबासाहेबांच्या कल्पनेत विमा हा नागरिकाला हमखास मिळायचा होता. प्रत्यक्षात तो दारोदार विकायची वस्तूच राहिला आणि विकणारा कमिशनवर.

शिक्षणाची अट आली ती खासगीकरणाबरोबर. १९९९ च्या विमा नियामक कायद्याने कलम ४२ मध्ये पात्रता, प्रशिक्षण आणि परीक्षा घातली. २००० च्या नियमावलीने तपशील ठरवला: पाच हजार किंवा जास्त लोकवस्तीच्या ठिकाणी बारावी पास, त्याहून लहान गावात दहावी पास. शिवाय १०० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा. पुढे १०० चे ५० तास झाले. परवाना तीन वर्षांचा असे आणि नूतनीकरणासाठी पुन्हा २५ तासांचं प्रशिक्षण लागे.

या अटींना आमचा विरोध नाही. मोबदल्याचे पैसे हाती आलेल्या घराला चुकीची पॉलिसी गळ्यात मारली, तर बुडते ती आयुष्यभराची पुंजी. विकणाऱ्याला विषय कळलाच पाहिजे. गाव लहान तर शिक्षणाच्या सोयी कमी, हे वास्तवही त्या नियमाने मान्य केलं होतं.

मग २०१५ ची दुरुस्ती आली. नियामकाचा परवाना गेला आणि कंपनीचं नेमणूकपत्र आलं. २०१६ च्या नियमांनी सगळीकडे दहावीची अट ठेवली. आत येणं सोपं झालं, हे चांगलंच. पण तीन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण आणि त्यासाठीचं प्रशिक्षण, हा क्रम संपला. किमान धंद्याची अट मात्र राहिली. एलआयसीच्या १९७२ च्या एजंट नियमावलीतही ती होतीच. म्हणजे आता एजन्सी टिकते ती मुख्यतः किती पॉलिस्या आणल्या यावर.

इथेच जुनी ओसरी परत येते. नवा एजंट पहिल्या पॉलिस्या कुठून आणतो? काका, मामा, शेजारी, वर्गमित्र यांच्याकडून. ज्याचे नातेवाईक बँकेत, बंदरात, शाळेत पगारावर आहेत त्याचं वर्ष सहज निघतं. ज्याची सगळी भावकी नाक्यावर रोजंदारीला उभी राहते, तो हप्ता कुणाकडे मागणार? परीक्षा दोघांनाही सारखीच. तरी एक टिकतो आणि दुसरा गळतो. मग म्हणतात, यांना चिकाटी नाही.

९ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेली विमा सखी योजना पाहा. दहावी पास महिलांना पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये. आधीच्या एजंटांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या जवळच्या नातेवाइकांना यात प्रवेश नाही. म्हणजे हा व्यवसाय घराघरांत फिरतो, हे व्यवस्थेलाही ठाऊक आहे! पण वर्षाला २४ जणांचे विमे आणण्याची अट इथेही आहे. भूमिहीनांच्या वस्तीतली बाई हे २४ जण कुठून आणणार?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. दहावीची अट आणि परीक्षा राहू द्या. कंपनीच्या खर्चाने दर तीन वर्षांनी मराठीतून सक्तीचं प्रशिक्षण पुन्हा सुरू करा. पहिली तीन वर्षं एजन्सी आणि मानधन पॉलिस्यांच्या आकड्यावर नव्हे, तर प्रशिक्षण आणि दिलेल्या सेवेवर टिकवा. आणि दहावी झालेल्या आपल्या मुलामुलींनो, एजन्सीचा अर्ज भरण्याआधी किमान धंद्याचा आकडा लेखी मागून घ्या. भांडवल लागत नाही असं सांगणारा ओळखीचं भांडवल मोजत नाही, कारण त्याच्याकडे ते जन्मापासून असतं.

जय भीम!