महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आणि माळवा

धर्मचिंतनाने ग्रंथांतच रमावे की वंचितांच्या वस्तीत उतरावे, या प्रश्नाचे उत्तर महर्षी शिंदे यांनी आपल्या आयुष्यानेच दिले. 1873 साली जमखंडीस जन्मलेल्या शिंदे यांनी 1901 ते 1903 या काळात ऑक्सफर्ड येथे धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. परतल्यावर प्रार्थना समाजाचे प्रचारकत्व पत्करून त्यांनी 1906 साली मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ स्थापन केली. धार-देवासच्या शेजारील इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी या कार्यास देणगी दिली आणि मंडळीच्या पुण्यातील वास्तूस अहिल्याबाईंच्या स्मरणार्थ ‘अहिल्याश्रम’ हे नाव लाभले. शिंदे 1944 साली निवर्तले. त्यांचा 1933 सालचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ उघडताना माळव्यातील वाचकाने हे ऋणानुबंध अवश्य स्मरावेत.