लंडन ते सोनई : अंतर तेच, वेळ वेगळा

१/ मुंबई आणि लंडन या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. शंभर वर्षांत त्यात तसूभरही फरक पडलेला नाही. बदलला तो वेळ. पण हा बदल नेवासे तालुक्यातील सोनईसारख्या गावापर्यंत कितपत पोहोचला? हा धागा त्याच प्रश्नाचा.

२/ विमानापूर्वी विलायतेची डाक सुएझ कालव्यातून बोटीने येई. या प्रवासाला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागे.

३/ ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन–कराची हवाई सेवा सुरू केली. ती सलग उड्डाणाची नव्हती. क्रॉयडनहून बाझलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत आगगाडी, भूमध्य समुद्रावरून पाण्यावर उतरणारे विमान आणि इजिप्तपासून कराचीपर्यंत पुन्हा जमिनीवरचे विमान. एकूण सात दिवस!

४/ कराचीपुढचा दुवा जोडला गेला १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या ‘पस मॉथ’ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. बल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा पुढील टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार केला. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा हाच कारभार पुण्याला हलवावा लागे.

५/ ८ जून १९४८ : एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. या थांब्यांमुळे मार्ग सुमारे ७,९०० किलोमीटरचा झाला. म्हणजे सरळ रेषेपेक्षा ७०० किलोमीटर अधिक. तरीही आठवड्यांचा प्रवास आता तासांत मोजला जाऊ लागला.

६/ १९६० मध्ये बोईंग ७०७ ही जेट विमाने आली आणि वेळ आणखी घटला. आज थेट विमान साधारण नऊ ते दहा तासांत हे अंतर कापते.

७/ आता सोनईकडे वळू. १९३२ मध्ये लंडनचे पत्र जुहूला उतरले, तरी नगर जिल्ह्यासाठी पुढे आगगाडी होती. जिल्ह्यातून जाणारा दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ चा. त्यापुढे कच्चा रस्ता. विमानाने वाचवलेले दिवस समुद्रापलीकडचे होते. गावाकडची अखेरची वाट तेवढीच लांब राहिली.

८/ १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथे शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले. सोनईपासून ते सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही लंडनला जाणाऱ्यास तेथून थेट विमान नाही. आधी मोठे विमानतळ गाठावेच लागते.

९/ म्हणून वाहतुकीच्या इतिहासात ‘किती तासांत पोहोचले?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘कोठून कोठवर?’ हेही विचारावे लागते. विक्रमांची नोंद दोन विमानतळांमध्ये होते. माणसाचा प्रवास मात्र घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो.