तळटीप : भिशी, गट, सावकार

३. शहापूर हे भंडाऱ्याच्या पश्चिमेला, नागपूर रस्त्यावरचे गाव. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी. मजकुरातील ‘भिशी’, ‘गट’ आणि ‘सावकार’ या उसनवारीच्या तीन वेगळ्या व्यवस्था आहेत. भिशीत समजा २० जणांनी दरमहा ५०० रुपये टाकले, तर १०,००० रुपये पाळीपाळीने एकेकाला मिळतात. आधी उचलणारा कर्जदार ठरतो, शेवटचा बचत करणारा. पाळी चिठ्ठीने किंवा बोलीने ठरते. तारण म्हणजे केवळ ओळख. म्हणून कामाला परगावी गेलेल्या सभासदाचा हप्ता चुकला, तर तगादा घरच्यांकडे येतो. बचत गट १९९२ पासून नाबार्डच्या योजनेतून बँकांशी जोडले गेले. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या ‘तेजस्विनी’ कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने पैसा पुरवला. ‘परदेशी मदत’ म्हटली जाणारी ही रक्कम मुख्यतः शासनाने घेतलेले कर्ज होती. सावकारी मात्र महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली येते. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. — संपा.