चिंता कोणाच्या माथ्यावर?

बालपण म्हटले की मराठी ललितलेखनात आजोळ, चिंचा आणि आंब्याची अढी हटकून येतात. त्यातून आपण नकळत एक सिद्धान्त काढतो : ज्याला काम नाही, त्याचेच बालपण सुखाचे. साताऱ्याचा इतिहास मात्र हा सिद्धान्त सहजी मान्य करीत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंगतीत जेवत. स्वयंपाक, झाडलोट, शेतातील कष्ट ही कामे मुलेच करीत. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीदच होते.

मग ही मुले बालपणाला मुकली काय? कर्जापायी दुसऱ्याची गुरे राखणारा पोरही राबे आणि बोर्डिंगमधला मुलगाही राबे. परंतु पहिल्याच्या श्रमाचे फळ परक्या घरी जाई आणि त्याची उद्याची भाकर अनिश्चितच राही. दुसऱ्याचे श्रम त्याच्याच शिक्षणाच्या कामी येत आणि भाकरीचा घोर मोठ्यांनी आपल्याकडे घेतलेला असे. निश्चिंती म्हणजे रिकामपण नव्हे; आपली चिंता कोणीतरी वाहत आहे, हा भरवसा म्हणजे निश्चिंती.

या भरवशाची किंमत कोणीतरी मोजली होती. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. गौरवपर लेखनात हा प्रसंग त्यागाची कथा म्हणून येतो. माझ्या मते मुलांच्या निश्चिंतीचा पायाच तेथे होता.

अर्थात या उदाहरणाने बालमजुरीचे समर्थन होत नाही. उलट तिचा दोष अधिक स्पष्ट होतो. आजही हंगामात सांगली-साताऱ्याच्या उसाच्या फडांवर मराठवाड्यातून तोडणीसाठी कुटुंबे येतात. आईबाप फडात असताना खोपीपाशी धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगीही कामच करते. पण त्या कामाने तिची शाळा मागे पडते आणि घराची चिंता तिच्या वाट्याला येते.

वर्गात आत्मचरित्रे शिकवताना आपण लेखकाच्या बालपणातील कष्ट मोजतो. त्यापेक्षा त्या घरातील चिंता कोणाच्या माथ्यावर होती, हे विचारले तर बालपणाचे खरे मोल हाती लागेल.