थिजलेलं तेल

पुण्याच्या थंडीत वाढलेल्यांना नक्की आठवत असेल. नरक चतुर्दशीच्या पहाटे खोबरेलाची बाटली पांढरी घट्ट झालेली असायची आणि आई ती बंबाजवळ नेऊन ठेवायची. शेजारची तिळाच्या तेलाची बाटली मात्र पातळच्या पातळ. अल मजाजमध्ये आमच्याकडे दिवाळीतही खोबरेल थिजत नाही. त्यामुळे हा धडा मी विसरलो आणि तो माझ्या भाच्याला भोवला.

भाचा १९९७ मध्ये कॅनडात, एडमंटनला गेला. तिथे जुनी गाडी घेतली आणि फोनवर विचारलं, "मामा, इंजिन ऑइल कुठलं घालू?" मी शारजात स्पेअर पार्ट्सच्या दुकानात, म्हणजे घरातला तज्ज्ञच! "वीस-पन्नास घाल. जाड तेल म्हणजे इंजिनाला आयुष्य," मी ठोकून दिलं. शारजाच्या ४५ अंशांत ते खरंही होतं.

जानेवारीत एका पहाटे, उणे २८ अंशांत, भाचेसुनेला कळा सुरू झाल्या. गाडीचा स्टार्टर नुसता कण्हला आणि गप्प झाला. शेजारच्या सरदारजींनी आपल्या गाडीतून दोघांना हॉस्पिटलात पोचवलं. मुलगी सुखरूप झाली. भाचा मला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. मग मी तेलाचा इतिहास वाचायला बसलो.

वंगण आपल्याला नवं नाही. बैलगाडीच्या कण्याला एरंडेल लावणारे आपलेच आजोबे. पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच विमानांच्या इंजिनांतही एरंडेलच असे. कॅस्ट्रॉल हे १९०९ चं नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलं. १९३२ च्या ऑक्टोबरात इम्पीरियल एअरवेजची विमानं आपल्या शारजात उतरू लागली, आणि त्याच महिन्यात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल नेलं. इथली जुनी धावपट्टी म्हणजे आजचा किंग अब्दुल अझीझ रस्ता. या उष्ण मुलखात तेल थिजण्याची चिंता नव्हती. अलास्कातले वैमानिक मात्र रात्री इंजिनातलं तेल काढून घेत, शेगडीजवळ ठेवत आणि सकाळी गरम करून परत ओतत. आमच्या आईचा बंबच म्हणा ना!

तेलाचा दाटपणा आकड्यांत सांगायची पद्धत अमेरिकन इंजिनियरांच्या संस्थेनं १९११ मध्ये सुरू केली. पुढे १९३० च्या दशकात त्यात 'डब्ल्यू' आला. हा डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. तोवर उन्हाळ्याचं तेल वेगळं, हिवाळ्याचं वेगळं. दोन्ही ऋतूंत चालणारी मल्टिग्रेड तेलं १९५० च्या दशकात रुळली.

साधं तेल जमिनीतल्या कच्च्या तेलापासून गाळतात. त्यात थोडं मेण उरतं. थंडीत त्या मेणाचे स्फटिक होतात आणि तेल खिरीसारखं दाट होतं. मग स्टार्टरला इंजिन फिरवणं जड जातं, आणि फिरलंच तरी वरच्या भागांपर्यंत तेल वेळेवर पोचत नाही. १९४१ च्या रशियन हिवाळ्यात जर्मन सैन्याला हे चांगलंच कळलं. ट्रकखाली जाळ करून इंजिनं सुरू करावी लागत. त्याच काळात जर्मनीत हर्मान झोर्न हे रसायनशास्त्रज्ञ कृत्रिम वंगणांवर काम करत होते. युद्धानंतर अशी तेलं जेट विमानांत गेली. १९७२ मध्ये ॲमसॉइल आणि १९७४ मध्ये मोबिल वन ही तेलं सामान्य मोटारवाल्यांपर्यंत आली. सिंथेटिक तेलाचे रेणू ठरवून, एकसारखे जुळवलेले असतात आणि त्यात मेण जवळजवळ नसतंच. म्हणून ते थंडीत वाहतं आणि उन्हात लवकर जळून चिकट होत नाही.

आता व्यवहाराचं. डब्याच्या लेबलावर डब्ल्यूच्या आधीचा आकडा बघा. २०डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि ०डब्ल्यूची उणे ३५ ला. म्हणजे माझा सल्ला तिथल्या थंडीत १३ अंशांनी कमी पडला! ५डब्ल्यू साध्या तेलातही मिळतं. ०डब्ल्यूला मात्र सिंथेटिकच लागतं. आणि नुसत्या 'सिंथेटिक' शब्दावर भुलू नका. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉलमध्ये याच शब्दावरून वाद झाला. भरपूर प्रक्रिया केलेल्या खनिज तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल, असा निकाल लागला. म्हणून गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा पहिला, जाहिरात नंतर.

शारजात हिवाळा तो केवढासा! इथे साध्या तेलानंही सकाळी गाडी सुरू होते. सिंथेटिकचा फायदा इथे उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये तासन् तास एसी लावून उभं राहताना. पण आपल्यातली कितीतरी कुटुंबं इथून कॅनडाला जातात. जाताना मसाले आणि देव्हारा जरूर न्या, इथली तेलाची सवय मात्र इथेच सोडा.

त्या पहाटे जन्मलेली नात आता स्वतः गाडी चालवते. मागच्या दिवाळीत तिचा फोन आला, "आजोबा, बाबा म्हणतात तेलाचं तुम्हालाच विचारायचं." मागून भाच्याचं हसू ऐकू आलं. इतक्या वर्षांनी तो पहिल्यांदाच त्या गोष्टीवर हसला होता. मी म्हटलं, "बाळा, मला नको विचारूस. गाडीच्या पुस्तकात बघ."