न मोडलेला बिल्ला

तळहातावर मावेल एवढी लंबगोल पत्र्याची चकती. जस्ताची असेल तर तिच्यावर पांढुरकी पूड धरलेली असते, ॲल्युमिनियमची असेल तर ती नुसतीच मळकट दिसते. मधोमध आडव्या तीन चिरा, वरच्या अर्ध्यात दोरीसाठी दोन भोके, खालच्या अर्ध्यात एकच. दोन्ही अर्ध्यांवर ठोकून उमटवलेला मजकूर सारखाच: तुकडीचे नाव, एक क्रमांक, बहुतेकदा रक्तगट. माणसाचे नाव मात्र कुठेच नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकाच्या गळ्यातला हा बिल्ला. जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्याच्या हाती तो पडला की पहिला प्रश्न येतो, हा होता तरी कोण?

बिल्ल्याची पद्धत प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यात १८६९ साली आली आणि लगेच १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात तो सैनिकांच्या अंगावर गेला. त्यांच्या तोंडी त्याचे नाव पडले ‘हुंडेमार्के’, म्हणजे कुत्र्याचा बिल्ला. पहिल्या महायुद्धात आधी त्यावर नाव नसे, पण लवकरच नाव, जन्मतारीख, पत्ता असे सगळे येऊ लागले. १९१७ मध्ये तो दोन तुकडे करता येईल असा झाला, आणि त्या मोडण्यातच त्याचे खरे काम दडलेले आहे. सैनिक पडला की सोबत्यांनी खालचा अर्धा भाग मोडून घ्यायचा आणि मृत्यूच्या खबरीसोबत वर पाठवायचा. वरचा अर्धा देहासोबत मातीत जायचा. खालच्या अर्ध्यातले ते एकटे भोक मोडलेले तुकडे एकत्र ओवण्यासाठी आहे, हे कळल्यावर ती चकती हातात धरवत नाही.

नाव नाही, मग शोध कसा लागतो? कागदावरून. युद्धाला तोंड फुटायच्या आठवडाभर आधी, ऑगस्ट १९३९ मध्ये, बर्लिनला एक कार्यालय उघडले गेले. मृत, जखमी, बेपत्ता आणि कैदी यांची नोंद ठेवणे हे त्याचे काम. कोणता क्रमांक कोणाला दिला याच्या याद्या प्रत्येक तुकडी तिथे पाठवत असे. बॉम्बवर्षाव वाढला तेव्हा १९४३ मध्ये हे दफ्तर थुरिंगियात हलवले, म्हणूनच ते वाचले. त्यातली नावांची कार्डेच १ कोटी ८० लाखांहून अधिक आहेत. २०१९ पासून हे सारे जर्मनीच्या संघीय अभिलेखागारात आहे. बिल्ल्यावरचा मजकूर जसाच्या तसा कळवला की तिथले लोक यादीतून नाव काढून देऊ शकतात.

नवखा शोधक एका ठिकाणी हमखास फसतो. बिल्ल्यावरची तुकडी ही बिल्ला दिला त्या वेळची, बहुधा नव्या रंगरुटांना शिकवणारी राखीव तुकडी. माणूस लढला वेगळ्याच रेजिमेंटमध्ये आणि पडला तिसऱ्याच ठिकाणी. तुकडीवरून लढाई ठरवायला गेलात तर सगळी गोष्ट चुकते. बनावट मालही बाजारात भरपूर आहे. कोऱ्या जुन्या चकतीवर नाझींच्या एसएस दलातल्या एखाद्या तुकडीचे नाव ठोकले की तिचा भाव चढतो.

पहिल्या महायुद्धातला बिल्ला असेल तर गंमत उलटी. त्यावर बहुतेकदा नाव असते, पण पुढचा रस्ता सैनिकाच्या प्रांतावर ठरतो. प्रशियाच्या सैन्याचे दफ्तर पॉट्सडॅममध्ये होते आणि १४ एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात त्यातले बहुतेक जळाले. बव्हेरियाच्या सैनिकांच्या नोंदवह्या म्युनिकमध्ये सुखरूप राहिल्या. एकाच खंदकातले दोघे, पण एकाचा माग लागतो आणि दुसऱ्याचा कदाचित कधीच लागत नाही.

संग्राहकाला अखंड बिल्ला प्यारा असतो, अर्ध्याला किंमत कमी. शोधकाच्या लेखी हिशेब वेगळा आहे. अर्धा बिल्ला सापडला म्हणजे दुसरा अर्धा कोणीतरी मोडून नेला होता, मृत्यूची खबर बहुधा घरी पोचली होती. अखंड बिल्ला घेऊन कित्येक जण जिवंत घरी परतलेही. पण मातीत, हाडांजवळ सापडलेला अखंड बिल्ला म्हणजे मोडायलाही कोणी उरले नव्हते. असा माणूस कागदोपत्री आजही बेपत्ता असण्याची शक्यता मोठी.

बर्लिनच्या आग्नेयेला हाल्बे नावाचे गाव आहे. एप्रिल १९४५ च्या अखेरीस तिथल्या पाइनच्या जंगलात वेढ्यात सापडलेले जर्मन सैन्य कापले गेले. पाद्री एर्न्स्ट टाइखमान यांनी पुढे मृतांना एकत्र आणून तिथे दफनभूमी उभी केली. आज तिथे २४ हजारांहून अधिक जण पुरलेले आहेत आणि त्यातल्या हजारोंच्या दगडावर नाव नाही. त्या जंगलात अजूनही सांगाडे निघतात. बिल्ला सोबत असेल तर नाव मिळण्याची आशा असते. रात्री मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याने तो आधीच काढून विकला असेल, तर त्या हाडांचे नावही त्याच्यासोबत विकले जाते.

म्हणून ज्यांच्या संग्रहात असा अखंड बिल्ला आहे, त्यांनी त्यावरचे प्रत्येक अक्षर उतरवून आणि तो कुठे सापडला ते विकणाऱ्याकडून विचारून घेऊन संघीय अभिलेखागाराला कळवावे. आणि जमिनीत दिसला तर तो उचलू नये, जागेची खूण करून अधिकाऱ्यांना बोलवावे.